रविवारी ट्रक उभे का?

प्रश्न : ताई, मे महिन्यात मुलीकडे म्युनिकला आलो होतो. रविवारी ऑस्ट्रियाच्या बाजूला फिरायला निघालो, तर महामार्गालगतच्या पार्किंगमध्ये ट्रकांची ही रांग! चालक दोरीवर कपडे वाळत घालून बसलेले. इथे देशादेशांत रस्ता मोकळा म्हणतात, मग हे अडलेत कशाला? आमची द्राक्षंही अशीच अडकतात का?
— एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : काका, आधी द्राक्षांचं सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. कंटेनर रॉटरडॅम बंदरात उतरतो आणि नेदरलँड्समध्ये ट्रकांना रविवारची सरसकट बंदी नाहीच. जर्मनीत आहे, पण नाशवंत फळं, ताजं दूध, मांस, मासळी यांना सूट मिळते. असा माल टाकून रिकामी परतणारी गाडीसुद्धा त्यात बसते.

तुम्हाला दिसले ते फरशा, यंत्रं, फर्निचरवाले. जर्मनीत साडेसात टनांवरच्या ट्रकांना रविवारी रात्री 10 पर्यंत रस्ता बंद, तोही 1956 पासून. गणपतीत आपल्याकडे मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनं थांबवतात ना, तसंच. फक्त दर आठवड्याला.

बंदी एकवेळ परवडते हो, पण घड्याळं जुळत नाहीत. ऑस्ट्रिया शनिवारी दुपारी 3 ला थांबवतो, फ्रान्स शनिवारी रात्री 10 ला, जर्मनी मध्यरात्री, इटली हिवाळ्यात रविवारी सकाळी 9 ला. स्वित्झर्लंडला साडेतीन टनांपुढची गाडीही जड वाटते. 1 नोव्हेंबरला जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात सण म्हणून बंदी, शेजारच्या हेसेनमध्ये नाही. तिथे तर देशही एकच!

मी रोझेनहाइमजवळ एका वाहतूक कंपनीत ट्रकांच्या फेऱ्या ठरवायचं काम करते. पहिल्याच वर्षी, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, इटलीत सास्सुओलोहून फरशांची गाडी निघायची होती. ऑस्ट्रिया ओलांडायला इटलीच्या सीमेवरची ब्रेनर खिंड ते जर्मन सीमेवरचं कुफश्टाइन सव्वाशेच्या आत किलोमीटर, म्हणजे ब्रेनरला दुपारी सव्वा वाजेपर्यंत पोचायलाच हवं. माल भरायला कारखान्यात दहा वाजवले. चालक अडीचला ब्रेनरला. बंदीला अर्धा तास बाकी, पण तेवढ्यात कुफश्टाइन गाठणं अशक्य. इटलीच्याच बाजूला थांबला, रविवारी रात्री 10 पर्यंत. बर्फ पडत होता. त्याने फोन केला, शिव्या दिल्या नाहीत, फक्त विचारलं, "इथे गरम सूप कुठे मिळेल?" मला माहीत नव्हतं. आता त्या पार्किंगमधली खानावळ कधी बंद होते तेही पाठ आहे.

सगळ्यांना एकच नियम लावायचा प्रस्ताव युरोपीय संघाच्या युरोपियन कमिशनने 1998 मध्ये मांडला होता. ज्यांच्या दारातून गाड्या जातात त्या देशांनी हा अधिकार सोडला नाही, आणि प्रस्ताव बारगळला. त्याच वर्षी जूनमध्ये ट्रकांच्या प्रदूषणाविरुद्ध ब्रेनरचा रस्ता लोकांनी जवळजवळ 30 तास अडवला होता. त्यात अडकलेल्या एका वाहतूकदाराचा खटला संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयात गेला. ऑस्ट्रियाने ते आंदोलन होऊ दिलं यात चूक नाही, असा निकाल 2003 मध्ये लागला. मला तो पटतो. दरी अरुंद, धूर आणि आवाज तिथल्या तिथे कोंडतात. रविवारी खिडकी उघडावीशी वाटणारच. माझं मागणं एवढंच, की एका वाटेवरच्या तिन्ही देशांनी बंदीची वेळ तरी एक ठेवावी.

पुढच्या वेळी आलात की रविवारी रात्री पावणेदहाला त्या पार्किंगपाशी थांबा. दोरीवरचे कपडे आधीच आत गेलेले असतात, आणि दहाच्या ठोक्याला सगळी इंजिनं एकदम सुरू होतात.