शुगरची गोळी आणि पोटातले जंतू

“प्रोबायोटिक चालू केलं तर शुगरची गोळी सुटेल का?” बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठूनही आलेला मधुमेही हल्ली हा प्रश्न विचारतोच. (प्रोबायोटिक म्हणजे आतड्याला उपकारक असे जिवंत जीवाणू.) म्हणून एका बाईंची हकिकत, ओळख बदलून, येथे देत आहे.

पन्नाशीच्या या बाई खानापूर तालुक्यातल्या. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी परस्पर बंद करून त्यांनी प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूल सुरू केल्या होत्या आणि साखर वाढली होती. उपदेशाने माणूस गप्प होतो, बदलत नाही, अशी माझी ठाम धारणा असल्याने मी एवढेच विचारले, “गोळीची भीती कशाची वाटते?” बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “सासूबाईंचं असंच झालं, मॅडम. आधी गोळी, मग इन्सुलिन, मग डोळे गेले.” डोळे गोळीने नव्हे, तर वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने जातात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आपल्याला न पचणारे तंतुमय पदार्थ मोठ्या आतड्यातील जीवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारी ब्युटिरेटसारखी आम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि इन्सुलिन स्रवण्यास मदत करणाऱ्या जीएलपी-1 या संप्रेरकाला चालना देतात. मेटफॉर्मिनच्या परिणामातही या जीवाणूंचा वाटा असल्याचे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. म्हणजे बाई जिला वैरीण समजत होत्या, ती गोळी जंतूंच्याच बाजूची निघाली.

मग त्यांनी स्वतःच दिवसभराचे खाणे लिहून काढले: दोन्ही वेळा पांढरा भात, पातळ आमटी, चहासोबत बिस्किटे. कागदाकडे पाहत त्या म्हणाल्या, “म्हणजे मी जंतू विकत आणते आणि त्यांना उपाशी ठेवते?” हेच वाक्य मी ऐकवले असते, तर ते खोलीबाहेरही गेले नसते, ते त्यांचे त्यांना सुचले, याचे मला आजही समाधान आहे.

भात निम्मा करून ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी आणि कारळ्याची चटणी हळूहळू वाढवावी. एकदम वाढवल्यास पोट फुगते. नाचणीची आंबील शिजवताना जीवाणू मरतात, म्हणून ती निवल्यावर ताक घालावे, आणि पिष्ट तिच्यातही असल्याने वाटी मोजूनच घ्यावी. प्रोबायोटिकने काही प्रयोगांत उपाशीपोटीची साखर थोडी उतरली आहे, परंतु तेवढ्यावर औषध सोडता येत नाही.

तीन महिन्यांनी बाईंचे एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे मोजमाप, उतरले. गोळी सुरूच आहे. तिची मात्रा कमी करायची का, हा प्रश्न त्या आता डॉक्टरांपुढे ठेवतात.