वाचकांचे प्रश्न : मॉरिस क्लॅरेट पडला कुठे आणि उठला कुठे?

गेल्या अंकात अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांवर जो लेख आला होता, त्यात मॉरिस क्लॅरेट या नावाचा एका ओळीत उल्लेख होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रे येतील, अशी अपेक्षा नव्हती. त्यांतील तीन येथे घेतली आहेत. उरलेल्यांचे बहुतेक प्रश्न त्यांतच येऊन जातात.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत कोलंबस शहरी शिकतो. क्लॅरेटविषयी त्याला विचारले, तर तो म्हणाला, ‘मामा, इथे त्याचं नाव काढलं की निम्मी माणसं खुलतात आणि निम्मी हळहळतात.’ आम्हां कोल्हापूरकरांना फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियमवरचा, पायाने खेळायचा. हा खेळाडू नेमका कोण आणि त्याने असे केले तरी काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अमेरिकेत ज्याला नुसते फुटबॉल म्हणतात, तो लांबोळा चेंडू काखेत मारून धावण्याचा आणि धावणाऱ्याला अंगावर झेपावून पाडण्याचा खेळ आहे. समोर भिंतीसारख्या उभ्या असलेल्या फळीत चेंडू घेऊन घुसणाऱ्याला रनिंग बॅक म्हणतात. क्लॅरेट हा रनिंग बॅक. त्याचा जन्म १९८३ चा, ओहायो राज्यातील यंग्सटाउनचा. हे गाव पोलादावर जगणारे. सप्टेंबर १९७७ मध्ये तिथल्या एका बड्या पोलाद कंपनीने आपला मोठा कारखाना बंद करत असल्याचे जाहीर केले आणि सुमारे ५,००० कामगारांच्या घरची चूल विझण्याची वेळ आली. १९३० साली १,७०,००० वस्ती असलेल्या या गावात आज जेमतेम ६०,००० माणसे उरली आहेत. क्लॅरेटच्या लहानपणी तिथल्या गल्ल्यांत अमली पदार्थ आणि पिस्तुले यांचे राज्य होते, आणि किशोरवयात आपणही बालसुधारगृहाची हवा खाल्ली होती, हे त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे.

असा हा मुलगा २००२ साली कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठात आला आणि पहिल्याच वर्षी त्याने १,२३७ यार्ड धाव घेतली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्या विद्यापीठात तोवर इतकी मजल मारलेली नव्हती. संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतीत पोहोचला. ती ३ जानेवारी २००३ रोजी ॲरिझोनातील टेंपी येथे मायामी विद्यापीठाविरुद्ध झाली, आणि मायामी तेव्हा सलग ३४ सामने जिंकून आले होते.

त्या सामन्यातला एक प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल, याचा हिशेब नाही. ओहायो स्टेटने फेकलेला चेंडू मायामीच्या शॉन टेलरने मधल्या मध्ये झेलला आणि तो सुसाट निघाला. अशा वेळी ज्याच्या संघाचा चेंडू गेला, तो खेळाडू बहुधा मान खाली घालतो किंवा फार तर धावणाऱ्याला पाडायला बघतो. क्लॅरेटने त्याला गाठले, पण पाडण्यावर समाधान मानले नाही. त्याने टेलरच्या काखेतून चेंडूच ओढून काढला आणि तो आपल्या संघाला परत मिळवून दिला. दुसऱ्या जादा डावात पाच यार्डांची निर्णायक धावही त्याचीच, आणि निकाल ३१–२४. गंमत म्हणजे त्या रात्री त्याच्या नावावर एकूण धाव होती अवघी ४७ यार्ड. आकड्यांत न मावणारा खेळ म्हणतात तो हा. भाच्याने सांगितलेली ‘खुलणारी’ माणसे खुलतात ती या रात्रीच्या आठवणीने.

हळहळणाऱ्यांची गोष्टही त्याच आठवड्यात सुरू होते. सामन्याच्या काही दिवस आधी यंग्सटाउनमधला त्याचा एक मित्र गोळी लागून मेला होता. अंत्यविधीला जाण्यासाठी आवश्यक कागदपत्रांवरून विद्यापीठाचे लोक आपल्याशी खोटे बोलले, असा आरोप त्याने पत्रकारांसमोर उघडपणे केला. पुढे त्याच वर्षी, उसन्या घेतलेल्या गाडीतून १०,००० डॉलरहून अधिक किमतीचा ऐवज चोरीला गेल्याची त्याने दिलेली तक्रार फुगवलेली निघाली. नियमबाह्य लाभ घेतल्याबद्दल आणि चौकशीत खोटे बोलल्याबद्दल विद्यापीठाने त्याला २००३ च्या हंगामातून बाहेर बसवले. ओहायो स्टेटसाठी तो पुन्हा कधीच खेळला नाही.

त्यानंतर उतरंड कोसळावी तसे झाले. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २००५ च्या निवड चाचणीत ४० यार्ड धावायला त्याला ४.७२ आणि मग ४.८२ सेकंद लागले, आणि उरलेल्या चाचण्या सोडून तो निघून गेला. तरीही, लीगचे संघ ज्यात फेरीफेरीने नवे खेळाडू घेतात त्या वार्षिक निवडीत, डेन्व्हरच्या संघाने त्याला तिसऱ्या फेरीत, एकूण १०१ व्या क्रमांकावर निवडले. पण ऑगस्टअखेर, एकही खरा सामना न खेळवता, घरी पाठवले. १ जानेवारी २००६ च्या पहाटे कोलंबसमधील एका नाइट क्लबमागच्या बोळात त्याने दोघांना पिस्तूल दाखवून लुटले, आणि त्यात हाती लागला तो एक मोबाइल. तो खटला उभा राहायला काही दिवसच उरले असताना, ९ ऑगस्टला, पोलिसांनी पाठलाग करून त्याची गाडी अडवली. गाडीत भरलेली चार शस्त्रे होती, व्होडकाची उघडी बाटली होती, आणि त्याने अंगात घातलेल्या गोळीरोधक जाकिटामुळे विजेचा झटका देणारे पोलिसांचे साधनही निकामी ठरले. सप्टेंबरमध्ये त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली साडेसात वर्षांची, साडेतीन वर्षांनंतर सुटकेची शक्यता ठेवून. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. चेंडू हिसकावल्याच्या त्या रात्रीला चार वर्षेही झाली नव्हती.

प्रश्न : क्लॅरेटने व्यावसायिक लीगच्या वयाच्या नियमाविरुद्ध खटला भरला होता, असे वाचले. नियम अन्याय्य होता की त्याची घाई? तो खटला जिंकला असता, तर पुढचे टळले असते का?
— विधी शाखेची एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : शाळा संपल्यावर तीन पूर्ण हंगाम उलटल्याखेरीज खेळाडूला निवड प्रक्रियेत घ्यायचे नाही, असा एनएफएलचा नियम आहे. क्लॅरेटने २००३ मध्ये त्याला आव्हान दिले. फेब्रुवारी २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी निकाल त्याच्या बाजूने दिला : ज्याला काम करायचे आहे आणि ज्याच्याकडे त्याची पात्रता असू शकते, त्याला बाजारात उभेच राहू न देणे हे स्पर्धाविरोधी आहे, असा त्याचा साधारण आशय. लीग अपिलात गेली, निकालाला स्थगिती मिळाली, सर्वोच्च न्यायालयाने मध्ये पडायला नकार दिला, आणि एप्रिलमधील निवड त्याच्याविना पार पडली. मे महिन्यात अपील न्यायालयाने निकाल फिरवला. तो लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांची भूमिका अशी की, हा विषय मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक वाटाघाटींच्या कक्षेत येतो, आणि जिथे कामगार कायद्याचे राज्य चालते तिथे मक्तेदारीविरोधी कायदा लावता येत नाही.

आपण कायदा शिकता, म्हणून यातली मेख आपल्याला लगेच दिसेल. ज्या संघटनेने त्याच्या वतीने हा नियम मान्य केल्याचे धरले गेले, त्या संघटनेचा तो सभासद नव्हता आणि नियमामुळे होऊही शकत नव्हता. कायद्याच्या चौकटीत हा युक्तिवाद बसतो, कारण नव्याने कामावर येणाऱ्याला आधीचा करार बांधतोच. तरी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या जागी उभे राहून पाहिले, तर हे दार बाहेरूनही बंद आणि आतूनही बंद असे होते. महाविद्यालयात त्याच्या खेळावर स्टेडियमे भरत होती, दूरचित्रवाणीचे करार होत होते, आणि त्याला मिळत होती ती शिष्यवृत्ती. स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे कमावण्याची मुभा अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंना जुलै २०२१ मध्ये मिळाली. क्लॅरेट त्याआधी अठरा-एकोणीस वर्षे खेळला, म्हणून त्या काळी जो लाभ घेणे हा गुन्हा होता, त्यातला बराचसा आज करारपत्रावर सही करून घेता आला असता.

पण बोळातले पिस्तूल या नियमाने त्याच्या हातात दिले नाही. निवड एक वर्ष लांबली खरी, तरी २००५ मध्ये संधी चालून आलीच होती, आणि ती त्याने गमावली ती वाढलेल्या वजनामुळे, दारूमुळे आणि कुणाचेच न ऐकण्यामुळे. खटला जिंकला असता तर काय झाले असते, या प्रश्नावर कोलंबसमध्ये आजही वाद झडत असतील. मला मात्र त्या वादात पडावेसे वाटत नाही, कारण खुद्द क्लॅरेटने ती सबब पुढे करणे केव्हाच सोडले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या वस्तीत एका मुलाने मोबाइल हिसकावला, त्याला लोक दहा वर्षांनंतरही चोरच म्हणतात. या गृहस्थांना मात्र सभागृहांत टाळ्या मिळतात. चेंडू घेऊन पळता येत होते, एवढ्यावर ही माफी मिळाली नाही का? आणि त्यांचे पुढे झाले काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बाई, आपल्या प्रश्नातला राग मला मान्य आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर ‘होय’ असेच आहे. नाव नसते, तर त्याला व्यासपीठ मिळाले नसते. त्या बोळात लुटल्या गेलेल्या दोघांचा उल्लेख त्याच्या कहाणीत एका वाक्यापुरता येतो आणि पुढे ती दोघे गडप होतात. त्याच्यावर लिहिणाऱ्या आम्हां सर्वांची ही खोड आहे, आणि वर मीही तेच केले आहे.

उरलेले अर्धे उत्तर मात्र कालक्रम पाहून द्यावे लागते. त्याची मुलगी जन्मली जुलै २००६ मध्ये, म्हणजे अटकेच्या महिनाभर आधी. तुरुंगात गेल्यावर मनात येईल ते तो फोनवरून मुलीच्या आईला सांगत असे, आणि ती ते उतरवून प्रसिद्ध करत असे. त्या काळात तो वाचायला लागला. एप्रिल २०१० मध्ये सुटल्यावर त्याला कोलंबसमधील एका पुनर्वसन गृहात ठेवण्यात आले. त्याने पुन्हा ओहायो स्टेटमध्ये शिकायला सुरुवात केली आणि न्यायालयाची परवानगी घेऊन नेब्रास्कातील ओमाहाच्या एका छोट्या लीगच्या संघात दोन हंगाम खेळला. तिथे त्याची भूमिका दुय्यम होती. चित्रपटात अशा माणसाने शेवटच्या मिनिटाला सामना जिंकून द्यायचा असतो. इथे तसे काही घडले नाही, आणि मला वाटते ते बरेच झाले. मैदानावर गमावलेले त्याला मैदानावर परत मिळालेच नाही. त्यामुळे उभे राहायचे तर दुसरीकडे कुठेतरी राहावे लागणार होते.

ते ‘दुसरीकडे’ म्हणजे पुन्हा यंग्सटाउन. डिसेंबर २०१३ मध्ये त्याच्यावर आणि त्याचे ओहायो स्टेटमधील प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांच्यावर एक माहितीपट दूरचित्रवाणीवर आला. त्यानंतर देशभरातील महाविद्यालयीन संघ त्याला आपल्या मुलांशी बोलायला बोलावू लागले, आणि आपण म्हणता त्या टाळ्या त्याच. पण त्याचे रोजचे काम वेगळे आहे. यंग्सटाउनमध्ये त्याने ‘द रेड झोन’ नावाची संस्था काढली, जिथे मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती यांसाठी समुपदेशन केले जाते. फुटबॉलमध्ये ‘रेड झोन’ म्हणजे गोलरेषेआधीचे शेवटचे २० यार्ड. आतापर्यंतच्या सगळ्या धावपळीवर इथे येऊनही पाणी पडू शकते. समुपदेशकांच्या नोंदी, भेटीच्या वेळा, कुणाला घरून आणायचे आणि कुणाला परत सोडायचे, अशा कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही.

ट्रेसेल यांच्याविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, कारण क्लॅरेट किती बदलला, हे मला तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. २००४ मध्ये, सगळे हातचे निसटले असताना, त्याने एका नियतकालिकाला मुलाखत देऊन ट्रेसेल यांच्यावर आरोप केले होते, की आपल्याला गाड्या मिळवून देण्यात त्यांचा हात होता. विद्यापीठाने ते फेटाळले. २०११ मध्ये, दुसऱ्याच काही खेळाडूंच्या नियमभंगाच्या प्रकरणात ट्रेसेल यांना राजीनामा द्यावा लागला आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्या वेळी जुना हिशेब चुकता करायची आयती संधी क्लॅरेटकडे होती. त्याने उलट त्यांची बाजू घेतली आणि आपल्या हातून जे झाले त्याचा दोष आपलाच, असे सांगितले. पुढे ट्रेसेल २०१४ ते २०२३ यंग्सटाउन स्टेट विद्यापीठाचे अध्यक्ष होते, म्हणजे त्यांतली बरीच वर्षे दोघांचे काम एकाच गावात चालले होते.

राहता राहिला आपल्या वस्तीतला मुलगा. तो अजून तिथेच राहत असेल, तर आता काय काम करतो, हे आपण कळवावे. पुढच्या अंकात या सदरात त्यासाठी जागा राखून ठेवतो. नाव अर्थातच छापणार नाही.