नणंदेचं सोड, मावशीचं सोडू नकोस

पुढच्या महिन्यात दुसरी आयव्हीएफ सायकल (टेस्ट ट्यूब बेबीचा दुसरा प्रयत्न), वय 34, सख्खी मावशी ओव्हरीच्या कॅन्सरने गेलेली, आणि नणंद म्हणते की एवढी इंजेक्शनं घेतलीस तर तुलाही होईल. तुझा प्रश्न एवढाच ना?

मी डॉक्टर नाही, पण चार सायकल्स झाल्यात. रोज रात्री बेंबीपासून दोन बोटं सोडून चिमटीत कातडी धरायची, सुई टोचायची. कालच्या निळ्या डागाशेजारी आजचा नवा. तेव्हा माझ्याही डोक्यात हेच चालायचं, म्हणून सापडेल ते वाचत गेले.

भीती अगदीच हवेतली नाही. दर महिन्याला अंडं सुटताना ओव्हरीला बारीक जखम होते आणि ती भरून येते. असं जितक्या वेळा होईल तितकी पेशी बिघडायची शक्यता जास्त, असा एक तर्क आहे. औषधांनी तर एकदम दहा-बारा अंडी वाढवतात. त्यात 1994 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात क्लोमिफेन हे अंडी वाढवायचं औषध 12 किंवा जास्त सायकल्स घेतलेल्या बायकांत ओव्हरीच्या गाठी जास्त आढळल्या आणि बोभाटा झाला. त्या अभ्यासात गाठी निघालेल्या बायका होत्या एकूण 11!

पुढे मोठे अभ्यास झाले. नेदरलँड्समध्ये 25 हजारांवर बायकांवर साधारण 21 वर्षं लक्ष ठेवलं, आयव्हीएफमुळे स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही. ब्रिटनमध्ये अडीच लाखांवर बायकांची नोंद तपासली, तिथे ओव्हरीचा धोका थोडा जास्त निघाला: लाख बायकांमागे वर्षाला साधारण 5 केसेस जास्त. पण ही तुलना होती सर्वसाधारण बायकांशी. आणि वाढ दिसली ती एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) असलेल्या किंवा मूल न झालेल्या, कमी मुलं झालेल्या बायकांतच. मूल न होणाऱ्या पण आयव्हीएफ न केलेल्या बायकांशी डच लोकांनी तुलना केली, तेव्हा ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये फरक उरला नाही. (बॉर्डरलाइन, म्हणजे पुरत्या कॅन्सरच्या नसलेल्या गाठी तेवढ्या जास्त दिसल्या. त्या सहसा ऑपरेशनने निभावतात.) म्हणजे ज्या कारणाने आपण क्लिनिकची पायरी चढतो, धोका बराचसा त्या कारणातच असतो. पीसीओएसचंही (हार्मोन्स बिघडून पाळी लांबते तो त्रास) तसंच. महिनोन्‌महिने पाळी आली नाही की गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, आणि तिथला धोका इंजेक्शनाच्या आधीपासूनचा.

आता मावशी. तिला कितव्या वर्षी झाला, बीआरसीए (ज्या जीनमधल्या बिघाडाने स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढतो, तो) तपासणी झाली होती का, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का, हे आईला आजच विचार. वडिलांच्या बाजूचंही विचार, ते जीन तिकडूनही येतं. जुना बायॉप्सी रिपोर्ट मिळाला तर फाईलला लाव आणि इंजेक्शनं सुरू होण्याआधी डॉक्टरांपुढे ठेव. पहिल्या सायकलला तुला कुणी विचारलंच नसेल. मलाही नव्हतं विचारलं.

स्वतःच्या मनाने सीए-125 ही ओव्हरीच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी मात्र करू नकोस. मी केली होती. आकडा वाढलेला आला, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. एंडोमेट्रिओसिसमध्ये तो वाढतो, पाळीतही वाढतो, हे नंतर कळलं.

जेनेटिक तपासणीसाठी सायकल महिनाभर पुढे गेली, तर अंडी फारच कमी नसतील तर सहसा बिघडत नाही. बीआरसीएमध्ये बिघाड निघालाच, तर तो भ्रूणांत आलाय का हे तपासून घ्यायचं का, ते आधीच ठरवता येतं. भ्रूण आत सोडल्यावर ते ठरवता येत नाही.