लिग्निन तापवून लाकूड खरंच चिकटतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: लिग्निन, म्हणजे लाकडातला नैसर्गिक बांधणारा पदार्थ, तापवलं की त्याचाच गोंद होतो, मग पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफमधून (लाकडाचा चुरा किंवा तंतू दाबून केलेल्या फळ्यांमधून) फॉर्मल्डिहाइडचा गोंद अजून गेला का नाही? गेली काही वर्षं मी भुसा दाबून बोर्ड करून बघण्याच्याच कामात आहे, त्यामुळे जे हाताखालून गेलंय ते सांगतो.

चिकटतं, यात शंका नाही. लाकडाच्या वजनात साधारण 20 ते 30 टक्के लिग्निन असतं आणि सेल्युलोजच्या धाग्यांना तेच धरून ठेवतं. जळणासाठीच्या लाकडी पेलेट्स पाहा. त्यात बहुधा वेगळा गोंद नसतोच. साच्यातून रेटताना भुसा घर्षणाने तापतो, लिग्निन मऊ होऊन पसरतं आणि गार झालं की गोळी घट्ट बसते. बाहेरून ती तुकतुकीत दिसते, ती चकाकी बरीचशी लिग्निनचीच. आता तीच गोळी पाण्यात टाका. थोड्याच वेळात ती फुगते, मग विस्कटते आणि तळाशी पुन्हा भुसा.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या भांड्यात आहे. मऊ होऊन चिकटणं वेगळं आणि रासायनिक बंध होऊन पक्कं होणं वेगळं. पेलेटमध्ये पहिलंच घडतं. बोर्डाला दुसरंही लागतं.

बोर्डासाठी वापरल्या जाणाऱ्या फिनॉल-फॉर्मल्डिहाइड राळेत (कृत्रिम गोंदात) फिनॉलच्या रेणूतल्या प्रत्येक कड्याला जोडणीसाठी तीन जागा मोकळ्या असतात. लिग्निनही फिनॉलच्याच कुळातलं, पण त्यातल्या बऱ्याच जागा मेथॉक्सी नावाच्या अणुगटांनी आधीच अडवलेल्या असतात. सूचिपर्णी (पाइन, देवदारासारख्या सुईपानी झाडांच्या) लाकडाच्या लिग्निनमध्ये बऱ्याच कड्यांवर एक जागा उरते, रुंद पानांच्या झाडांच्या लिग्निनमध्ये अनेक कड्यांवर तीही नाही. म्हणून ते संथ पक्कं होतं, आणि प्रेस जास्त वेळ अडकून राहणं कुठल्याच कारखान्याला परवडत नाही.

लिग्निनची पूड गोंदासाठी वापरण्याआधी तिला उष्णता देण्याचा उद्देश ही अडचण थोडी सैल करणं हाच. तापवल्यावर लिग्निनच्या साखळीतले काही इथर बंध (ऑक्सिजनमधून जाणारे जोड) तुटतात आणि फिनॉलचे नवे मोकळे हात तयार होतात. पण त्याच उष्णतेत तुटलेले तुकडे एकमेकांना कायमचे चिकटायलाही लागतात. तापमान किंवा वेळ जरा जास्त झाला की पूड वितळतच नाही, नुसती काळी पडते. सूचिपर्णी झाडांचं क्राफ्ट लिग्निन (कागदाचा लगदा करताना वेगळं निघणारं) या बाबतीत फार हट्टी आहे: मऊ व्हायच्या आधीच जाळं विणून मोकळं होतं. म्हणून "जितकं तापवू तितकं चांगलं" हे गणित इथे चालत नाही.

माझा अनुभव विचाराल तर पूड विकत आणून मिसळण्यापेक्षा लाकडातलं स्वतःचं लिग्निन वापरणं जास्त भरवशाचं वाटतं. हे नवंही नाही. विल्यम मेसन यांनी 1924 च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉरेल गावात दाबाखालच्या वाफेने लाकडाचे तंतू मोकळे केले आणि गरम प्रेसमध्ये हार्डबोर्ड बनवला. तोच पुढे मेसोनाइट नावाने विकला गेला. वाफेने हेमिसेल्युलोजही (लाकडातल्या साखरांच्या छोट्या साखळ्या) तुटतं, त्यातून फरफ्युरल हे द्रवरूप रसायन आणि ॲसिटिक आम्ल तयार होतं, आणि हे फरफ्युरल लिग्निनला जोडायला मदत करतं. प्रेस उघडल्यावर जो जळक्या साखरेसारखा, किंचित आंबट वास येतो तो बहुतेक यांचाच. वास गोड असला तरी वाफा श्वासात घेण्यासारख्या नाहीत, खिडक्या उघड्या ठेवा.

सगळ्यात जास्त त्रास ओल देते. ओल असली की लिग्निन शंभर अंशांच्या खालीच मऊ पडतं, कोरडं असेल तर बरंच वर जावं लागतं. म्हणून मी एकदा भुसा मुद्दाम दमट ठेवला आणि 180 अंशांवर दाबला. प्रेस उघडताच फट् असा आवाज झाला आणि बोर्ड मधोमध दोन पापुद्र्यांत सुटला. आत कोंडलेली वाफ बाहेर पडायला वाट शोधत होती. तेव्हापासून ओल दहा टक्क्यांच्या आत आणतो आणि दाब एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने उतरवतो.

फॉर्मल्डिहाइडची तुमची काळजी रास्तच आहे; आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं. पण लाकूड तापवलं की त्यातून स्वतःहूनही थोडं फॉर्मल्डिहाइड निघतं. त्यामुळे लेबलवर "बाहेरून घातलेलं नाही" एवढंच लिहावं, "शून्य" लिहू नये.

आज मी असा बोर्ड कपाटाच्या पाठीला, खोलीतल्या पॅनेलला बिनधास्त वापरीन. स्वयंपाकघरातल्या सिंकखाली नाही. रंग गडद येतो, वजन जास्त भरतं, कारण गोंद नसल्याची भरपाई दाबून करावी लागते. ओल्या जागेसाठी फिनॉल-फॉर्मल्डिहाइड राळेतल्या फिनॉलचा काही हिस्सा काढून तिथे लिग्निन घालणं हा सध्याचा शहाणा मार्ग आहे.

तुम्ही करून बघणार असाल तर पहिल्याच बोर्डाचा एक तुकडा कापा, जाडी व्हर्नियरने मोजा, 24 तास पाण्यात बुडवा आणि किती फुगला ते पुन्हा मोजा. वाकवून ताकद बघायचं काम त्यानंतर.