जूनचा पहिला मंगळवार

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ऑफिसात दोन वर्षं मला मॅडम म्हणालास आणि पत्रात मावशी लिहिलंस, फार बरं वाटलं. बाबा ३१ मेला जमीन मोजणी खात्यातून निमतानदार म्हणून रिटायर होताहेत आणि ‘त्यांना कशात गुंतवू?’ असं तू विचारतोस. तो ‘गुंतवू’ शब्द मला खटकला. लहान मुलाला खेळण्यात गुंतवतात. ज्या माणसानं उभी हयात बांधावर घालवली, भांडणाऱ्या भावाभावांना हद्दीच्या खुणा दाखवल्या, साखळीपासून उपग्रहाच्या मदतीनं मोजणाऱ्या रोव्हरपर्यंत सगळी मोजणी केली, त्याची कुणाला तरी गरज लागली पाहिजे. मला रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. त्यात कळलेलं एवढंच आहे, पण ते कळायला बराच काळ गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

माझीही कागदावरची जन्मतारीख १ जून. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहीत, आणि एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेवेतून निघतो. म्हणून ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत शाल-श्रीफळांची रीघ लागते. २०१६ च्या ३१ मेला, अठ्ठावन्न पूर्ण करून, तहसील कचेरीतून मी निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून डबा भरला. पोळी, गवारीची भाजी. झाकण लावलं आणि मग आठवलं. दुपारी तो डबा स्वयंपाकघरात बसून उघडला तेव्हा घास उतरेना.

‘वेळ जात नाही’ असं लोक म्हणतात, माझं तसं नव्हतं. बाईमाणसाला घरात काम कमी पडत नाही. माळे आवरले, लोणची घातली, अष्टविनायक करून आले. तरी संध्याकाळी आतून रिकामं वाटायचं. दिवाळीच्या सुमारास एकदा ओसरीवर बसले असताना कारण लक्षात आलं. मी दिवसभर उठलेच नाही तरी कुणाचं काही अडणार नव्हतं. कचेरीत सकाळी दहाला जिन्यावर पाच-सहा जण उभे असायचे, कुणी दाखल्याला, कुणी नकलेला. त्या गर्दीचा मी वर्षानुवर्षं त्रागा केला होता. माझ्या दिवसाला आकार तीच माणसं देत होती.

मला वाचवलं ते जुन्या मोडी लिपीनं, आणि ती मी नोकरीत असतानाच शिकले होते. २०११ साली जावळीकडचे एक म्हातारे गृहस्थ फडक्यात बांधलेला कागद घेऊन रेकॉर्ड रूममध्ये आले. कागद मोडीतला. आमच्यातल्या एकालाही वाचता येईना. त्यांनी तो घडीवर घडी घालून पुन्हा फडक्यात बांधला आणि ते निघून गेले. ती पाठमोरी आकृती माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. त्या वर्षी मी रविवारचा मोडीचा वर्ग लावला. वय त्रेपन्न. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. शब्द कुठं तुटतो ते अर्थावरून ताडायचं. पहिले सहा महिने एक ओळ सुटायला तास लागे. तारखा तर अरबी आकड्यांत. ‘सन सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार. झाले ११७३, आणि हा जुन्या दप्तरांतला सुहूर सन असल्यानं त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७७२-७३. पहिल्यांदा असं साल माझं मला सुटलं त्या रात्री झोप लागली नाही. नवखेपणाचा तो आनंद मला बढतीनंही दिला नव्हता.

तरी रिटायर झाल्यावर मी मोडीची वही कपाटात ठेवून दिली होती. ओसरीवरल्या त्या संध्याकाळनंतर ती काढली आणि गावातल्या वाचनालयाच्या कार्यवाहांना विचारलं, मागची खोली देता का? मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते एक. पहिल्या महिन्यात दोन माणसं आली. पुढं गावोगाव कळत गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनानं कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली, जुन्या जन्म-मृत्यूच्या वह्या बाहेर निघाल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. तेव्हा माझ्यासारखे कितीतरी पेन्शनर सकाळपासून भिंग घेऊन बसत होते. लोक पणजोबांचं नाव दिसलं की कागदावर बोट ठेवून गप्प उभे राहायचे. हे मी स्वतः पाहिलंय.

एकदा सर्दी झाली म्हणून मी न कळवता गेले नाही. एक शेतकरी एक वाजेपर्यंत पायरीवर बसून होता. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगते, कुणीतरी आपल्यासाठी थांबलं होतं याचं समाधानही वाटलं. तेव्हापासून वार चुकवलेला नाही.

महर्षी कर्व्यांच्या आयुष्यातल्या तारखा तू एकदा नीट पाहा. जन्म १८५८. महिला विद्यापीठ काढलं १९१६ साली, म्हणजे वय अठ्ठावन्न. आपल्याकडे ज्या वयात शाल मिळते त्या वयात. खेड्यांत शाळा काढायला मंडळ स्थापलं १९३६ साली, तेव्हा अठ्ठ्याहत्तर. लोक या आकड्यांपाशी थांबतात. मला जास्त मोलाचं वाटतं ते त्याच्या आधीचं. १८९१ ते १९१४ ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते आणि अनाथ बालिकाश्रम सुरू झाला १८९६ ला. अठरा वर्षं दोन्ही चालू होतं. पुढं आश्रम हिंगण्याला गेला, तेव्हा कॉलेज सुटल्यावर ती वाट चालत जायचे. नोकरी संपली त्या दिवशी त्यांना नवं काही शोधावं लागलं नाही, हिंगण्याला माणसं वाट पाहत होती. तुझ्या-माझ्या आवाक्यात विद्यापीठ नाही, पण हा क्रम आहे.

म्हणून हे तुलाही लागू आहे. तू तिशीचा. रात्री नऊला ऑफिसातून सुटतोस, सोसायटीत तुझं नाव कुणाला माहीत नाही, फ्लॅटचा नंबर माहीत आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायचा हिशेब मांडलाय म्हणालास. पैशाचा मांडलास ते चांगलं. आठवड्यातले दोन तास आत्तापासून असे काढ, जिथं तुला पगार नाही, हुद्दा नाही, आणि तू गेला नाहीस तर कुणाला तरी चुकल्यासारखं होईल. शिकाऊ म्हणून जा. सुरुवातीला चुकशील, ते सोस.

आता आईबद्दल, कारण तिचं नाव तुझ्या पत्रात कुठंच नाही. बाबा घरी बसले की अकराचा चहा, एकचं जेवण, चारचा चहा, हे सगळं तिच्यावर येणार. पस्तीस वर्षं दुपारी दोन ते चार ती घराची मालकीण होती. भजनीमंडळ असेल, शेजारणीशी बोलणं असेल, नुसतं पडणं असेल, ते तास तिचे होते. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत नवऱ्याच्या निवृत्तीनंतर बायकोची तब्येत बिघडली. बाबांशी बोलण्याआधी तिच्याजवळ बस आणि तिला काय हवंय ते विचार. दुपारचा चहा बाबांनी करावा. मोजणीच्या मुक्कामात चावडीत स्टोव्ह पेटवून त्यांनी चहा केलेला असणारच.

पैशाचं थोडक्यात. पेन्शनची विक्री केली, म्हणजे तिच्या काही भागाचे पैसे एकरकमी घेतले, तर जास्तीत जास्त चाळीस टक्के होते आणि पूर्ण पेन्शन पंधरा वर्षांनी परत सुरू होते, एवढं डोक्यात ठेवून फॉर्म भरा. फंड हातात आला की पहिल्या महिन्यात ओळखीचे-अनोळखी पुष्कळ येतील. सहा महिने कुणालाही हो म्हणू नका. घर मोठं करायचा विचारही सहा महिन्यांनीच. आणि नातवाला शाळेतून आणायचं काम बाबांवर टाकायचं असेल तर त्यांना विचारून टाक, गृहीत धरून नको.

शेवटचं माझ्या गरजेचं. माझ्याकडे जावळीतल्या एका भावकीचा कागद आलाय. अक्षर मी वाचलंय. जमीन जुन्या मापांत, बिघे आणि पांडांत दिलीय, वीस पांडांचा बिघा, हे मला ठाऊक आहे. पण मोजायची काठी पाच हात पाच मुठींची, आणि मूठ कुणाची धरायची? चतुःसीमेत एक ओढा आहे, त्यानं मधल्या काळात वाट बदललेली दिसते. ते आजच्या गट नकाशावर कुठं येतं ते मला कळत नाही. त्या घरातले दोघं भाऊ गेले दोन महिने माझ्याकडे खेपा घालताहेत. मी त्यांना जूनच्या पहिल्या मंगळवारी अकराला बोलावलंय आणि सांगितलंय की मोजणीतले एक जाणकार येणार आहेत. बाबांना विचारलेलं नाही, त्याबद्दल माझ्या वतीनं माफी माग. पत्ता त्यांना ठाऊक आहे. वाचनालयाच्या मागच्या दारानं यायचं. जुनं फाळणी टिपण वाचायचं त्यांचं भिंग असेल तर घेऊन यायला सांग, माझ्याकडे एकच आहे.

आईला नमस्कार.

तुझी,
मावशी