वाचक विचारतात: एका दिवसात बाथ होईल का?

प्रश्न: आम्ही दोघे साठीचे. सप्टेंबरात लंडनला मुलीकडे जाणार आहोत. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांमधले बाथ शहर पाहायचे आहे. सकाळी जाऊन रात्री परतता येईल का? येताना पुस्तके आणायची आहेत, जाताना शेंगाचटणी न्यायची आहे. चालेल का?
— एक दांपत्य, सोलापूर

उत्तर: लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून बाथ स्पा स्टेशन साधारण दीड तासावर आहे, त्यामुळे जाऊन येणे जमते. तरी एक रात्र राहाच. सप्टेंबरात तिथे ऑस्टिन महोत्सव असतो, जुन्या वेशातली मंडळी रस्त्यांवरून मिरवतात आणि खोल्या लवकर भरतात. तेव्हा खोली आधी ठरवा, मग रेल्वे. आगाऊ काढलेले स्वस्त तिकीट त्याच गाडीला चालते. गाडी चुकली की वाया.

पहिल्या दिवशी पंप रूम, म्हणजे झऱ्याचे पाणी पिण्याचे जुने दालन, आणि शेजारचे रोमन बाथ्स, म्हणजे रोमन काळातली स्नानकुंडे. झऱ्याचे पाणी 46 अंश, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या दुपारपेक्षाही कडक. कुंडातल्या हिरव्या पाण्यावर शुद्धीकरण होत नाही, हात घालू नका. डुंबायचेच असेल तर थर्मे बाथ स्पा वेगळे आहे. पोहण्याचे कपडे न्या. पंप रूमलगत एक पाटी दिसेल: मेरी शेलीने 'फ्रँकेन्स्टाइन'चा बराच भाग 1816-17 मध्ये इथे लिहिला. ते घर आता नाही. मग दुतर्फा दुकाने असलेल्या पुल्टनी पुलावरून सरळ सिडनी प्लेसला जा. ऑस्टिन कुटुंब 1801 मध्ये बाथला आले आणि इथे 4 क्रमांकाच्या घरात राहिले.

दुसऱ्या दिवशी बहुतेकांची दमछाक होते, कारण गे स्ट्रीट हा चढ आहे. गुडघे कुरकुरत असतील तर टॅक्सीने थेट रॉयल क्रेसेंटला, म्हणजे जुन्या घरांच्या अर्धचंद्राकार रांगेपाशी, जा आणि उतरत या. वाटेत ग्रॅव्हल वॉक लागतो. ऑस्टिनच्या 'पर्सुएशन' कादंबरीतले ॲन आणि कॅप्टन वेंटवर्थ मन मोकळे करतात ती हीच वाट. पुढे गे स्ट्रीटवर 40 क्रमांकाला ऑस्टिन सेंटर आहे. पुष्कळ जण तेच ऑस्टिनचे घर समजून फोटो काढतात. वडील 1805 मध्ये वारल्यावर ती राहिली ते घर त्याच रस्त्यावर, 25 क्रमांकाचे. गंमत म्हणजे हे शहर सोडल्याचा आनंद तिने 1808 मध्ये बहिणीला पत्रात कळवला होता!

पुस्तकांसाठी टॉपिंग, मिस्टर बीज एम्पोरियम आणि विस्मृतीत गेलेल्या लेखिका छापणारे पर्सेफनी. दुकाने संध्याकाळी लवकर मिटतात, म्हणून दुपार राखून ठेवा. साधे पेपरबॅक पाव किलोचे धरा. वीस घेतली की पाच किलो झाले. जाताना बॅगेत तेवढी जागा मोकळी हवी.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या. पेढे, तूप मात्र नको. भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे.