आमिषाचा रंग का सुटतो?

प्रश्न : उजनी जलाशयात मरळ मासा धरण्यासाठी मी पांगाऱ्याच्या लाकडाचे मासोळीच्या आकाराचे आमिष घरी कोरून ॲक्रिलिक रंगाने रंगवले, परंतु दोन-तीनदा पाण्यात टाकताच रंगाचे पापुद्रे सुटले. काय चुकले असावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दोष बहुधा रंगाचा नसून त्याच्या खालच्या आणि वरच्या थरांचा आहे. पांगारा हलका व सच्छिद्र असल्यामुळे गळाची कडी जिथे लाकडात शिरते, त्या बारीक छिद्रातून पाणी आत जाते, लाकूड फुगते आणि रंग उचलला जातो. म्हणून छिद्रे आधी पाडून लाकडाला सँडिंग सीलरचे (लाकडाची रंध्रे बुजवणाऱ्या लेपाचे) दोन हात द्यावेत, पॉलिश पेपरने घासावे आणि कडी एपॉक्सीत (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट राळेत) बुडवून बसवावी. खवल्यांसाठी मच्छरदाणीचा तुकडा ताणून वरून स्पंजने रंग टिपावा. जाळी उचलल्यावर उमटलेली नक्षी पाहिली, की हाताने खवले रेखाटण्याचा हट्ट आपोआप सुटतो. शेवटी पारदर्शक एपॉक्सीचा थर द्यावा आणि तो घट्ट होईपर्यंत आमिष सतत फिरवत ठेवावे, अन्यथा सगळा थर पोटाकडे ओघळतो. पावसाळ्यातील गढूळ पाण्यासाठी नाजूक छटांपेक्षा काळी पाठ आणि पिवळे पोट अशी ठळक जोडी आम्हाला अधिक उपयुक्त वाटते.